आतून घातलेला टाका

१

उघडं भोक दिसलं की आत्याला चैन पडत नसे. भिंतीतला खिळा निखळला की तिथे साबणाचा तुकडा कोंबायची, बादलीला चीर गेली की मेण ओतायची. उभा जन्म काजं करण्यात आणि काजात बटणं घालण्यात गेलेला, त्या बाईला दुसरं काय सुचणार म्हणा. भाचीचा नवा लॅपटॉप घरात आला आणि त्याच्या कडेला एक रिकामी खाच दिसली, तेव्हा आत्याने टेबलाचा खण उपसला, नखाएवढा एक काळा तुकडा शोधून काढला आणि त्या खाचेत बसवून टाकला. असा चपखल बसला की तिचं तिलाच कौतुक वाटलं. घर भाड्याचं, टेबल घरमालकाचं, तुकडा कोणाचा ते देव जाणे. त्यात सांगण्यासारखं काय होतं? मुंगी आत जाणार नाही म्हणजे झालं.

लॅपटॉप म्हणजे दुकानातला सगळ्यात स्वस्त. चार्जर काढला की मान टाकायचा. पंख्याचा आवाज असा, की पाहुण्याने विचारावं, दळण टाकलंय का आत. आणि आज दुपारी त्याच्यावर भाचीची मुलाखत होती.

भाचीला आत्या चिंगी म्हणायची. भावाची पोर, लहानपणापासून आत्यानेच वाढवलेली. शिकली, पण नोकरी लागेना, म्हणून मशीनपाशी बसून आत्याबरोबर लोकांच्या विजारी आवळत आणि सैल करत होती. आता कुठे लांबच्या शहरातून बोलावणं आलं होतं. मुलाखत लॅपटॉपवरच द्यायची, फोन चालणार नाही. घरी द्यायची, खोलीत एकटीने बसून. जमली तर आजच संध्याकाळच्या गाडीने निघायचं. बॅग भरून दाराशी उभी होती. लॅपटॉपबरोबर आलेली जुनीपुराणी सिस्टिम मात्र मुलाखतीचं पान उघडायला तयार नव्हती, म्हणून नवी घालायची, आणि ती सकाळपासून अडून बसली होती.

"आत्या, हे परत मागे गेलं!"

"मागे म्हणजे?"

"जुनं सगळं पुसू का, विचारतंय. मी हो म्हणते, आणि ते आपोआप मागच्या पानावर जातं."

आत्याने मशीनचं चाक थांबवलं. "मग नीट हो म्हण की. तुला कोणी बघायला आल्यासारखी लाजत काय म्हणतेस?"

चिंगीला हसू आलं नाही. तिचा चेहरा बघून आत्या उठली. आत्या थट्टेखोर खरी, पण एकदा कंबर कसली की कसली. ही पोरगी आज या घराबाहेर पडली पाहिजे, मग त्या डबड्याला नवी सिस्टिम घालावी लागो नाहीतर नवा जीव.

२

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला सगळी गल्ली स्क्रू म्हणायची. तो दुसऱ्या गावी कामावर होता, संध्याकाळशिवाय परत येणार नव्हता. चिंगीने त्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बटण अडकलंय एखादं," स्क्रू म्हणाला. "उलटा करून झटका."

झटकला. बिस्किटाचा भुगा पडला.

"आता?"

"परत मागे गेलं," चिंगी म्हणाली.

"एस्केपचं बटण बघ. डावीकडे, वरच्या कोपऱ्यात. तेच मागे नेतं."

चिंगीने बघितलं. बटण छान वर-खाली होत होतं. तिने दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. तरी पान मागे गेलं. पुढे आणलं, परत मागे गेलं. आणि प्रत्येक वेळी एकदम नाही हं. आपण पुढे यायचं, ते थोडं थांबायचं, जणू कोणी वाचतंय, आणि मग मागे.

"मावशी, तुम्ही किती जण टाइप करताय तिकडे?" स्क्रूने विचारलं. "फोनवर टकटक ऐकू येतेय."

दोघींनी कान टवकारले. पंखा घरघरत होता. मशीन बंद होतं. आणि मग खरंच, आतल्या बाजूने कुठून तरी आलं. टक. जरा वेळाने परत, टक.

पान मागे गेलं.

"उंदीर असेल," आत्या म्हणाली.

"लॅपटॉपच्या कडेला काही लावलंय का?" स्क्रू म्हणाला. "बारीकसं काहीतरी?"

चिंगीने बोट फिरवलं, नखाने तो काळा तुकडा ओढून काढला आणि आत्याकडे बघितलं. आत्याने छताकडे बघितलं.

"आत्या!"

"अगं, मुंगी जाऊ नये म्हणून."

स्क्रू तिकडे हसत सुटला. "मावशी, तो बिनतारी कीबोर्डचा तुकडा आहे! त्याच्या जोडीचा कीबोर्ड जवळपास असला, की त्याचं बटण दाबलं काय आणि लॅपटॉपचं दाबलं काय, सारखंच. त्यावर काहीतरी सामान पडलं असेल. फार लांब नसतो हो, याच घरात कुठेतरी."

"पण आमच्याकडे कीबोर्डच नाही," चिंगी म्हणाली.

"मग उंदराकडे असेल," स्क्रू म्हणाला. त्याला कुणीतरी हाक मारली आणि त्याने फोन ठेवला.

३

तुकडा काढला आणि सिस्टिम सुरळीत चढायला लागली. पट्टी भरत गेली, लॅपटॉप बंद होऊन चालू झाला. चिंगीने केस विंचरले. आत्याने तिच्या कुडत्याची कॉलर इस्त्रीने दाबून दिली आणि मनात म्हणाली, झालं. तेवढ्यात लॅपटॉपने निळं पान दाखवलं. भाषा निवडा. खाली एक चौकोन लुकलुकत होता.

चिंगीने बाणाचं बटण दाबलं. काही नाही. बोट फिरवलं. काही नाही. सगळी बटणं मेलेली.

परत स्क्रू. "स्वस्त माल ना," तो म्हणाला, "नव्या सिस्टिमला त्याची बटणं ओळखू येत नाहीत. बाकीचं नंतर नेटवरून आपोआप चढतं, पण तोवर बाहेरचा कीबोर्ड लागणार. शेजारी कोणाकडे आहे का?"

चिंगी खालच्या मजल्यावर धावली. खाली म्हातारं जोडपं. समोर भाजीवाली. सगळ्यांकडे फोन, कीबोर्ड कोणाकडेच नाही. ती परत आली तेव्हा तिला धाप लागली होती आणि डोळे भरले होते.

"जाऊ दे आत्या," ती म्हणाली. "नशिबातच नाही माझ्या. राहीन मी इथेच, तुझ्यापाशी."

आत्याला हे शेवटचं वाक्य भलतंच झोंबलं. "इथेच राहीन म्हणे! माझ्या उरावर? बस तिथे, आणि तो तुकडा परत लाव."

"पण तो तर..."

"लाव म्हणते ना. कीबोर्ड घरात आहे असं तो स्क्रू म्हणतोय. मग आहे. घरात असलेली वस्तू मला सापडत नाही, असं कधी झालंय?"

चिंगीने तुकडा लावला. आत्या खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि कान देऊन ऐकायला लागली. शिवणकाम करणाऱ्या बाईचे कान तल्लख असतात. सुई जमिनीवर कुठे पडली ते तिला आवाजावरून कळायचं.

टक.

मागच्या खोलीतून.

४

मागची खोली घरमालकाची. त्याचं सामान ठेवलेलं, दाराला बाहेरून कडी. तो कधी येत नसे आणि या दोघींना तिथे काही काम नसे. आत ना दिवा ना प्लग. कधी कडीशी गेलं तर फोनची रेंजही गायब व्हायची.

आत्याने कडी काढली. दार कुरकुरलं नाही, आणि तेच तिला आवडलं नाही. इतकी वर्षं बंद असलेल्या दाराने कुरकुरायला हवं.

आत गुंडाळलेल्या गाद्या. भिंतीकडे तोंड करून उभं केलेलं एक कपाट. रस्त्यावर उघडणारी एक खिडकी. खिडकीखाली टेबल, टेबलापुढे स्टूल. टेबलावर निळ्या जाड कापडाच्या खोळीत काहीतरी लांबट, चपटं. गाद्यांवर बोट फिरवलं तर धुळीचा थर निघाला. स्टूल मात्र स्वच्छ होतं.

खोळीवर सामान पडलेलं नव्हतं. काहीच पडलेलं नव्हतं.

आत्या वाकून बघत राहिली. खोळीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात कापड जरासं खाली गेलं आणि वर आलं. टक.

"उंदीर," ती पुटपुटली. मग तिचं तिलाच वाटलं, उंदराला एस्केपचं बटण कुठलं ते कोणी शिकवलं?

खोळ काढावी म्हणून तिने कडा चाचपल्या. तोंड सापडेना. उशीच्या अभ्र्याला एक बाजू उघडी असते, नाडी असते, बटण असतं, काहीतरी असतं. ही चारही बाजूंनी शिवलेली. बारीक, एकसारखा हातटाका. असं काम सहसा बघायला मिळत नाही. आत्याने कौतुकाने गाठ शोधली. माणूस शिवत शिवत शेवटी येतो, टाका घट्ट करतो, तिथे बाहेरून गाठ मारतो. मारावीच लागते, दुसरा इलाजच नाही. आत्याने चारही कडा दोनदा फिरवल्या. बाहेर गाठ नव्हती.

म्हणजे शेवटचा टाका आतून घातलेला होता.

तिने हात मागे घेतला. पळावं असं वाटलंही. पण बाहेरून चिंगीचा आवाज आला, "आत्या, सापडला का गं?" आणि त्या आवाजात जी आशा होती ना, तिने आत्याचे पाय तिथेच रोवले.

"सापडला!" ती ओरडली.

"मग आण ना!"

आत्याने उचलायचा प्रयत्न केला. हलेना. जड नव्हता तो. पलीकडून कोणीतरी दोन्ही हातांनी दाबून धरावं तसा हलत नव्हता.

"घरमालकाने टेबलाला खिळ्यांनी ठोकलाय मेल्याने! टेबल दारातून निघायचं नाही. तू तिथनं सांग, मी इथनं दाबते."

"मी येऊ का तिकडे?"

"आलीस तर तंगडं मोडीन. पडद्यावरची नजर काढू नकोस."

५

मग सुरू झाली ती गंमतच होती म्हणायची, बाकी सगळं सोडलं तर. पुढच्या खोलीतून चिंगी ओरडे, मागच्या खोलीत आत्या खोळीवरून बटणं चाचपे.

"खाली जाणारा बाण! उजवीकडे खालच्या कोपऱ्यात!"

"हा?"

"तो नाही, पलीकडचा! हां! आता एंटर! उजवीकडचं मोठं!"

आत्याने दाबलं. पुढे गेलं. कापडाखाली बटणं गार लागत होती आणि मधेच एखादी जागा कोमट. आत्या त्या जागा टाळत होती. विचार करायचा नाही असं तिने ठरवलं होतं. विचार करायला नंतर सगळी संध्याकाळ पडलीय.

"परत एंटर!"

आत्याचं बोट अजून हवेत होतं. टक.

"शाब्बास! आता आणखी एकदा!"

टक.

आत्याने बोट हळूच मागे घेतलं. ते पोरीचं ऐकत होतं. सकाळपासून मागे-मागे ओढत होतं, आणि आता आत्या समोर बसल्यावर गुणी बाळासारखं पुढे जात होतं.

"आत्या, आता नाव विचारतंय. मी एकेक अक्षर सांगते, तू मोजत मोजत..."

टक टक टक टक टक. भराभर. शिवणाऱ्या हाताला असतो तसला सफाईदार वेग.

"अगं!" चिंगी ओरडली. "तू कधी शिकलीस? पण हे माझं नाव नाही गं. ठकी? ही ठकी कोण?"

आत्याचा हात तोंडाशी गेला. लहानपणी तिला ठकी म्हणायचे. चिंगीला ते माहीत असायचं कारण नव्हतं. तसं म्हणणारं माणूस आता जगात कोणी उरलं नव्हतं.

"आत्या?"

"असू दे," आत्या म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखीचा वाटेना. "तेच चालेल. पुढे चल. वेळ होत आलाय."

६

पान उघडलं, पण लॅपटॉपची बटणं अजून मेलेलीच होती. आत्याला चिंगीचा आवाज दारातून ऐकू येत होता, आणि तिकडच्या मॅडमचाही. पद्धत अशी, की पडद्यावर प्रश्न येणार, चिंगी बोलणार, बोलून झालं की एंटर दाबलं म्हणजे पुढचा प्रश्न. मधे पानाबाहेर पडलं की मुलाखत संपली, परत बसता यायचं नाही. कोणाला हाकही मारायची नाही. म्हणून दोघींनी ठरवलं होतं, चिंगी उत्तराच्या शेवटी 'धन्यवाद' म्हणेल, की आत्याने एंटर दाबायचं.

"हे ठकी नाव कोणाचं?" मॅडमने पहिलंच विचारलं.

"माझ्या आत्याचं बहुतेक," चिंगी म्हणाली. "मलाही आजच कळलं."

मॅडम हसल्या. चांगली सुरुवात झाली. पहिलं उत्तर झालं. "धन्यवाद." आत्याने दाबलं. दुसरं झालं. "धन्यवाद." दाबलं. पोरगी काय बोलत होती! आत्याला अर्धं कळत नव्हतं, पण आवाज कसा, ताणून बसवलेल्या कापडासारखा, एक सुरकुती नाही.

तिसऱ्या उत्तराच्या मधेच खोळीत हालचाल झाली. कापडाखालून एक उंचवटा सरकत डाव्या वरच्या कोपऱ्याकडे निघाला. एस्केपकडे.

आत्याने डावा हात पसरून त्याच्यावर ठेवला आणि दाबून धरला. कापडाखाली बोटं होती. मोजायची तिने टाळली. ती बोटं झटापट करत नव्हती. थोडी वळवळली आणि तिच्या पंजाखाली निवांत पडून राहिली, जणू एवढ्याचसाठी आली होती.

"धन्यवाद," पलीकडून चिंगी म्हणाली. आत्याने उजव्या हाताने एंटर दाबलं.

मग मनगटापाशी काहीतरी गुदगुल्या झाल्यासारखं झालं. तिने खाली बघितलं. निळ्या कापडातून सुईचं टोक वर आलं. तिच्या पोलक्याच्या लांब बाहीच्या कडेतून गेलं, वळलं, परत कापडात शिरलं. मागून दोरा सरसरत आला आणि घट्ट झाला. जरा पुढे परत टोक वर आलं.

बाही कापडाला जोडली जात होती. बारीक, एकसारखा टाका.

आत्ता हात ओढला असता तर सुटला असता. दोन टाके, काय बिशाद आहे त्यांची? पण हात उचलला की ती बोटं मोकळी. आणि कोपऱ्यातलं बटण तिथेच होतं, बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर.

"तुमच्या घरी कोण असतं?" मॅडम विचारत होत्या. "लांब यावं लागेल, राहावं लागेल. जमेल?"

चिंगी गप्प झाली. आत्याने डोळे मिटले. बोल, पोरी. बोल की.

"आत्या असते," चिंगी हळू म्हणाली. "एकटी पडेल ती."

कापडाखाली सगळं थांबलं. सुईसुद्धा. ऐकत होतं.

"पण तीच म्हणते की जा," चिंगी म्हणाली. "तिच्यासमोर माझं काही चालत नाही. जमेल मला. धन्यवाद."

आत्याने एंटर इतक्या जोरात दाबलं की टेबल हललं. सुई परत चालायला लागली, आता घाईने.

७

"आत्या! झालं! घेतलं मला!" चिंगी नाचत दाराशी आली. आत्याने पायाने स्टूल सरकवून दाराला लावलं होतं आणि ती टेबलापाशी उभी होती. डावी बाही मनगटापासून कोपरापर्यंत खोळीला शिवली गेली होती. ओढून बघितली. दुहेरी शिवणीची, तिने स्वतःच शिवलेली बाही, ती कशाला फाटतेय? कात्री पुढच्या खोलीत, मशीनवर. मागितली तर पोरगी आत येणार. बघितलं तर जाणार नाही.

"दार उघड ना गं!"

"नाही. मी रडतेय."

"तू? आणि रडतेस?"

"का, मला डोळे नाहीत? रडताना मी फार वाईट दिसते. बघितलंस तर नोकरी सोडून पळून येशील. तो तुकडा काढून टेबलावर ठेव, लॅपटॉप बॅगेत घाल आणि चालू लाग. बाकीचं तिकडे नेटवरून चढेल, स्क्रू म्हणालाय. गाडीची वेळ झाली."

"अशी न भेटता जाऊ?"

"पोचलीस की फोन कर. मग हवं तेवढं भेट."

दाराच्या फटीतून चिंगीची बोटं आत आली. ती बोटं हलली, आत्याचा हात शोधत. आत्याने उजवा हात लांबवला, जेमतेम टोकं टेकली. कापडाखालच्या बोटांनी त्याच क्षणी तिचा डावा पंजा हळूच कुरवाळला.

"जा," आत्या म्हणाली. "जा, पळ."

बॅगेची चाकं खडखडत गेली. जिना. खालचं दार. आत्याने उजव्या हाताने खिडकी ढकलली. खालच्या रस्त्यावर ऊन होतं, भाजीवाली पाणी शिंपडत होती, आणि चिंगी मधोमध उभी राहून वर बघत होती. आत्याने हात हलवला. चिंगीने हलवला, हसली, आणि मग कपाळावर हात धरून, उन्हात बारीक डोळे करून बघायला लागली.

"आत्या! तुझ्यामागे कोण उभं आहे गं?"

 मागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं कपाट होतं आणि गाद्या होत्या. दाराला स्टूल तसंच होतं.

"शेजारीण आलीय!" ती खाली ओरडली. "मापं द्यायला!"

"हो का? नमस्कार करते मावशी!" चिंगीने खालून दोन्ही हात जोडले. "आत्याकडे लक्ष ठेवा हं!"

"ठेवेल, ठेवेल! तू नीघ, गाडी चुकेल!"

चिंगी निघाली. आत्या हात हलवत राहिली, हसत राहिली, गाल दुखेपर्यंत. बॅगेची चाकं लहान लहान होत गेली. कोपऱ्यावर पोरगी एकदा वळली, परत हात हलवला आणि दिसेनाशी झाली. आत्या तरीही थांबली, गाडीचा भोंगा ऐकू येईपर्यंत. आला. लांब, आणि मग आणखी लांब.

मग तिने खिडकी ओढून घेतली, पदर खोचला.

"हं," ती म्हणाली आणि वळली, "आता बोला. कोणाची मापं घ्यायचीत?"